व्हर्लिन स्टॅम्पर बसत नाही

आमच्या डोंगरात माणसाच्या आधी त्याचे दात जातात. कोळशाची धूळ, गोड सोड्याच्या बाटल्या आणि दंतवैद्य पार खिंडीपलीकडे, एवढं पुरतं. चाळिशी ओलांडलेला माणूस हसताना तोंडावर हात धरतो. कवळ्या बनवणारा एक म्हातारा होता, तोही तीन वर्षांपूर्वी वारला. आता कवळी शहरातून मागवावी लागते. ती महिनाभराने येते आणि बोलताना तोंडात टाळ्या वाजवते.

म्हणून व्हर्लिन स्टॅम्पर जेव्हा म्हणाला की मला कवळ्या बनवायला शिकायचंय, तेव्हा मला वाटलं, सरकार याला डोक्यावर घेऊन नाचेल. इतकी वर्षं सरकारचं मीठ खाल्लं, तरी मला अक्कल आलेली नाही.

व्हर्लिन सैन्यात सुरुंग शोधणाऱ्या तुकडीत होता. तिकडच्या वाळवंटात त्याने पुष्कळ सुरुंग शोधले, आणि जो त्याला सापडला नाही त्याने त्याला शोधलं. पाठ गेली, डावा गुडघा गेला, पुढचे दात गेले, आणि डोक्यात एक घरघर येऊन बसली ती कायमची. इकडे येऊन तो टायरच्या गोदामात लागला. दिवसभर टायर उचलायचे, दिवसभर यंत्रांचा गोंगाट. सकाळी बायको ग्लेना त्याला बाथरूमच्या फरशीवरून उठवायची, मग तो कामावर जायचा.

कवळीचं खूळ त्याच्या डोक्यात लष्करी इस्पितळात शिरलं. तिथे तळघरात एक माणूस मेण, साचे आणि बारीक कानशी घेऊन दात घडवायचा. व्हर्लिनचे दात तयार झाले तरी हा रोज तिथे जाऊन बसायचा. हळूहळू त्या माणसाने त्याच्या हातात कानस दिली.

"तिथे डोकं गप्प बसतं, होबार्ट," तो मला एकदा म्हणाला.

आता सरकारची योजना ऐका. लढाईत जायबंदी झालेल्या माणसाला जुनं काम झेपत नसेल, तर सरकार त्याला नवं काम शिकवतं. फी, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च, वर घरखर्चाला थोडं. योजना चांगली आहे, माझं भांडण नाही. अट एवढीच, की तुम्ही जुनं काम जमू नये इतके मोडलेले असावेत आणि नवं काम जमावं इतके धडधाकट असावेत. या दोन गोष्टींच्या मधे केसाएवढी फट आहे आणि तिच्यावर अर्ज तपासणाऱ्या मिस प्रॅथर बसलेल्या असतात. बाई स्वभावाने गरीब. त्यांच्याकडे दोनच रकाने आहेत, त्याला त्या काय करणार?

पहिल्या मुलाखतीला व्हर्लिन गुळगुळीत दाढी करून, बूट चमकवून गेला.

"कसे आहात, मिस्टर स्टॅम्पर?"

"एकदम ठीक, मॅडम."

"पाठ कशी आहे?"

"तक्रार नाही, मॅडम."

"आणि गुडघा?"

"मी चालतो तेव्हा तोही येतो बरोबर."

मिस प्रॅथरनी निकाल दिला. अर्जदाराला कसलीही अडचण नाही, सबब शिक्षणाची गरज नाही, हार्दिक अभिनंदन.

तुम्ही सैन्यात नसाल तर तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल. पण अठरा-एकोणीसच्या वयात ज्याला शिकवलेलं असतं की वरचा माणूस 'कसा आहेस' म्हणाला तर उत्तर एकच, आणि दुसरं दिलं तर आठवडाभर संडास घासायचे, तो जन्मभर तेच उत्तर देतो. मी नौदलात स्वयंपाकी होतो. माझ्या पायावर उकळतं तेल सांडलं तेव्हा कप्तानाने विचारलं आणि मी म्हणालो, आज बटाटे छान झालेत, सर.

ग्लेना मात्र सैन्यात नव्हती. ती तडक आमच्या हॉलवर आली. दर शुक्रवारी आम्ही म्हातारे सैनिक तिथे मासे तळतो आणि गावाला खिलवतो.

"होबार्टकाका, याला काहीतरी शिकवा," ती म्हणाली. "सकाळी फरशीवर आडवा पडलेला असतो, आणि तिथे जाऊन म्हणतो ठीक!"

"अगं, ती बाई भली आहे," व्हर्लिन पुटपुटला. "तिला कशाला उगाच त्रास?"

"आणि मी काय दगडाची आहे?"

मग आम्ही शिकवणी काढली. शिकवणार मी आणि ड्यूई मलिन्स. ड्यूईचा एक पाय गुडघ्यापासून खाली पोलादाचा आहे आणि उरलेला ड्यूईही साधारण त्याच धातूचा. मी कमरेला ॲप्रन बांधून मिस प्रॅथर व्हायचो.

"कसे आहात, मिस्टर स्टॅम्पर?"

"ठी..."

ड्यूई झारा टेबलावर आपटायचा. "ठीक म्हणालास तर मासा मिळणार नाही, नुसती कोबीची कोशिंबीर खा!"

उपास घडू लागले तसा व्हर्लिन सुधारला. आधी 'बरा नाही' म्हणू लागला, मग 'फार त्रास होतो'पर्यंत आला. कण्हणं काही जमेना. ड्यूईने कण्हून दाखवलं. तो स्वतः जन्मात कधी कण्हलेला नाही, ते त्याने आपल्या अडलेल्या गाईवरून उचललं होतं. पण प्रकार अस्सल होता. स्वयंपाकघरातून दोन बायका धावत बाहेर आल्या.

दुसऱ्या मुलाखतीत व्हर्लिनने ते सगळं केलं. मिस प्रॅथर पाणी घेऊन धावल्या. डोळे पुसत त्यांनी दुसरा रकाना भरला. अर्जदार कोणतंच काम करू शकत नाही, सबब त्याला काहीही शिकवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी उरलेलं आयुष्य सुखाचं जावं म्हणून त्याच्या घराला सरकारी खर्चाने रॅम्प बांधून द्यावा.

व्हर्लिनचं घर जमिनीला टेकलेलं, पायरी म्हणून नाही. ठेकेदाराने डोकं खाजवलं, मग आधी दारापुढे तीन पायऱ्या बांधल्या आणि त्यांच्यावर रॅम्प बांधला. साहेब लोक येऊन फोटो काढून गेले.

"मी म्हटलं होतं शिकवा," ग्लेना मला म्हणाली. "तुम्ही तर त्याला जिवंतपणी पुरलंत!"

कवळ्या बनवायला शिकवणाऱ्या कॉलेजात व्हर्लिनची जागा धरून ठेवली होती, पण ऑगस्टपर्यंतच, पुढे नाही. त्यानंतर तो वर्ग दोन वर्षांनी पुन्हा सुरू होणार होता, झाला तर. आणि पाठीचा डॉक्टर म्हणत होता की हा अजून दोन वर्षं टायर उचलत राहिला तर फरशीवरून उठणारच नाही. उरलं होतं अपील. ते जुलैच्या शेवटी कर्नल व्हिटलॉक यांच्यापुढे लागलं. निवृत्त कर्नल, आमच्यातलेच.

"या वेळी नाटक नाही," मी व्हर्लिनला म्हणालो. "खरं काय ते सांग."

"कुठलं खरं?" त्याने अगदी मनापासून विचारलं. "मंगळवारी मी उभा असतो, बुधवारी फरशीवर. दोन्ही खरंच आहे ना?"

त्या दिवशी आम्ही अर्धा डझन म्हातारे त्याच्या पाठबळाला गेलो आणि मागच्या बाकावर ओळीने बसलो. पुढे व्हर्लिन आणि ग्लेना, कोपऱ्यात मिस प्रॅथर. आम्ही त्याला बजावून ठेवलं होतं, उठायचं नाही, हलायचं नाही, शांत बसून बोलायचं.

दार उघडलं आणि कर्नल व्हिटलॉक आत आले.

कुणीही 'सावधान' पुकारलं नाही. तशी गरजच नव्हती. आमचा अख्खा बाक खाडकन उठला, आणि आमच्याही आधी व्हर्लिन उठला, ताठ, हनुवटी वर, हात बाजूला. मिस प्रॅथरनी मान खाली घातली आणि लिहून घेतलं. 'अर्जदार कुणाच्याही मदतीशिवाय उठला.' मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. प्रत्यक्षात मारता येईना, कारण मीही सावधान उभा होतो.

"बसा, स्टॅम्पर," कर्नल म्हणाले.

"हो, सर," व्हर्लिन म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

"बसा म्हणालो मी."

"हो, सर."

त्याचा गुडघा अडकला होता आणि पाठीने त्याला वरून आवळून धरलं होतं. मला मागून त्याची मान दिसत होती. ती घामाने चमकत होती.

"काही अडचण?"

"नाही, सर!"

कर्नल बुचकळ्यात पडले. त्यांना बहुधा वाटलं, हा आपल्याला मान देतोय, तर आपण आधी बसणं बरं दिसणार नाही. म्हणून तेही उभे राहिले. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, एक हात हळूच टेबलावर टेकला. आता कर्नल उभे असताना आम्ही कोण बसणार? अशा रीतीने सुनावणी उभ्याने सुरू झाली. कर्नल वाचत होते, व्हर्लिन 'हो, सर' म्हणत होता, शेजारी ड्यूईचा पोलादी पाय गुडघ्यात रुतत होता आणि त्याच्या गालावरून घामाचे ओघळ वाहत होते. माझ्या भाजलेल्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पलीकडचा एक जण हलकेच डुलायला लागला होता. कुणी हूं की चूं केलं नाही. लंगड्यांची सगळी पलटण त्या दुपारी सावधान उभी होती, आणि विषय होता अपंगत्व.

बसलेल्या दोघीच, मिस प्रॅथर आणि ग्लेना. ग्लेनाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा कर्नलकडे, मग मान वळवून आमच्याकडे.

"या खोलीत ज्याचं काही दुखत नाही असा एक तरी पुरुष आहे का?" तिने विचारलं. "असेल तर बोला!"

कुणीच बोललं नाही.

"मग बसा की रे मुकाट्याने, गाढवांनो!"

आम्ही बसलो. कर्नलही बसले. हुकूम कसा द्यायचा ते त्या बाईला कुणी शिकवलं होतं देव जाणे. उभा राहिला तो एकटा व्हर्लिन.

"तो बसत नाहीये, कारण त्याला बसता येत नाहीये," ती म्हणाली. "मॉलमध्ये सैन्यभरतीचं टेबल टाकून बसला होतात तुम्ही, आइस्क्रीमच्या दुकानाशेजारी. एकोणीस वर्षांचं पोर एका दुपारीत घेऊन गेलात. तेव्हा कुणी विचारलं नाही पाठ कशी आहे, झेपेल का, पुढे काय करशील. आता दात घडवायला शिकतो म्हणतोय, तर दोन वर्षं झाली, तुम्ही विचारताच आहात!"

कर्नल उठले, टेबलाला वळसा घालून व्हर्लिनसमोर येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरा, कुठे दुखतंय?"

व्हर्लिनचे ओठ हलले. 'नाही, सर' अगदी ओठांवर आलेलं मला दिसलं. त्याने ते गिळलं.

"सगळीकडे, सर," तो म्हणाला. मग म्हणाला, "दात घासताना... म्हणजे कानशीने घडवताना, कमी."

कर्नल मिस प्रॅथरकडे वळले. "हे तुमच्या कुठल्या रकान्यात जातं?"

"कुठल्याच नाही, सर," त्या म्हणाल्या. त्या रडत होत्या.

"मग रकान्याबाहेर लिहा. मंजूर. दोन वर्षं, सगळा खर्च."

व्हर्लिनने सलाम ठोकायला हात उचलला आणि तोही वरच अडकला. शेवटी आम्ही त्याला आडवा करून, ओंडका नेतात तसा, बाहेर नेला. ड्यूई पायाशी, मी खांद्याशी, आणि कर्नलनी स्वतः दार धरलं. माझ्या गाडीच्या मागच्या हौद्यात गादी टाकून त्याला ठेवला. ग्लेना त्याच्या शेजारी आडवी झाली, आकाशाकडे तोंड करून.

खिंडीतला रस्ता किती वाईट आहे ते काय सांगू. पहिल्याच खड्ड्याला मागून आवाज आला, "आई गं!" मी दचकून ब्रेक मारला. ड्यूईने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत व्हर्लिनच्या तोंडून आम्ही असलं काही ऐकलं नव्हतं. पुढच्या खड्ड्याला तो ओरडला, "दुखतंय! ग्लेना, दुखतंय गं!" आणि तिचा रडण्याहसण्याचा आवाज त्याच्या आवाजात मिसळला. मग तो प्रत्येक खड्ड्याला ओरडत राहिला, मोठ्याने, सबंध घाटाला ऐकू जाईल असा. ड्यूई खिडकीबाहेर तोंड करून डोळे पुसत होता. मी खड्डे चुकवत नीट गाडी चालवत होतो. फक्त गावाच्या तोंडाशी आहे ना, तो मोठा खड्डा, तो मी मुद्दाम चुकवला नाही, गावालाही ऐकू जावं म्हणून.