दम घ्यायला जागा नसलेली चाल

लीलाधरला पेटी येत नव्हती, बासरी येत नव्हती, साधी शिट्टीसुद्धा धड वाजत नव्हती. शिरपुरात हे लहानथोरांना ठाऊक होतं, कारण त्याचा बाप सुपडूआबा गावातल्या बँडचा मालक. आबांनी तीस वर्षं क्लॅरिनेट फुंकलं, आणि त्यांचा एकुलता एक पोरगा 'सा' दाबायला गेला की सोबत 'म'ही दाबून यायचा. दहाव्या वर्षी आबांनी त्याला पेटीवरून उठवलं ते कायमचं. "जाय, अभ्यास कर," म्हणाले. एवढ्या अपमानावर एखादा जिद्दीनं कलेक्टर झाला असता. हा कॉम्प्युटर क्लासवाला झाला.

धुळ्याला देवपुरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत त्याचा क्लास होता. तीन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू. सत्त्याण्णव साली नाशिकच्या एका मित्रानं त्याला एक सीडी दिली आणि त्या चालू कॉम्प्युटरचंही शिकवण्याचं काम संपलं. सीडीत मिडी संगीत रचायचा प्रोग्रॅम होता. पडद्यावर आडव्या रेघा, माउसनं टिचकी मारली की सूर बसतो, चुकला की पुसायचा. बोटं नकोत, रियाज नको, गुरुजींच्या छड्या नकोत. एकशेअठ्ठावीस वाद्यं आत तयार! फी भरलेली पोरं बंद कॉम्प्युटरपुढं बसून वह्यांत फ्लोचार्ट काढत राहिली आणि सर टिचक्या मारत राहिले. मिडी म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर सर अर्धा तास समजावायचे. विचारणारा चहा पिऊन निघून जायचा.

दीड महिना डोळे फोडून लीलाधरनं एक चाल रचली. चौसष्ट मात्रांची, वरातीला शोभेल अशी. आता खोटं कशाला बोला, चाल चांगली होती. पण लीलाधरचं तोंड चांगलं नव्हतं. शिरपूरला गेला की सुरू. "आबा, याला बिडी लागत नाही, चहा लागत नाही, सीझनमध्ये पगार वाढवा म्हणत नाही. तुमचा बँड आता मोडीत काढा." आबा ऐकून घ्यायचे आणि क्लॅरिनेटच्या नळीतून फडकं फिरवत बसायचे.

एवढी मिजास, पण आत वेगळंच होतं. मे महिन्यात त्याचं लग्न होतं, भुसावळच्या रेल्वेतले गार्ड अभिमनभाऊ यांच्या लताशी. त्या वरातीत आपल्या बापाच्या बँडनं आपली चाल वाजवावी, आणि आबांनी चारचौघांत एकदा म्हणावं, ही माझ्या पोराची चाल आहे. बस्स, एवढंच त्याला पाहिजे होतं. त्यासाठी रात्री झोप लागत नव्हती गड्याला.

त्यानं चालीची कॅसेट भरून आणली. बँडवाले नोटेशन वाचत नाहीत, कॅसेट ऐकून शिकतात. बँडचा क्लॅरिनेटवाला पुना, त्याचीही तीच रीत. दोन ओळी ऐकायच्या, टेपचं बटण दाबून थांबवायचं, तेवढ्या वाजवायच्या, घोटभर चहा, मग पुढच्या दोन ओळी. अशी सगळी चाल बसली. सलग कुणी वाजवून पाहिली नाही, कारण सीझन होता आणि रोज दोन-दोन लग्नं.

आबांनी मात्र खाटेवर पडून कॅसेट एकदा पुरती ऐकली. म्हणाले, "पोऱ्या, यामा दम लेवाले जागा कोठे शे?"

लीलाधर हसला. "आबा, कॉम्प्युटरला दम लागत नाही."

"बरं," आबा म्हणाले. मग पुनाकडं वळले. "जशी शे तशीच वाजाडा. एक सूर कमी व्हवाले नको."

बापानं आपलं मानलं, असं समजून हा बावळट आनंदानं धुळ्याला गेला!

भुसावळला दुपारी चार वाजता नवरदेव घोड्यावर बसला. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं होतं. डोक्यावर फेटा, अंगात गरम कापडाचा सूट, वर भुसावळचं ऊन. पुनानं छाती भरून चाल सुरू केली. पहिल्या सोळा मात्रा अशा काही वाजल्या की रेल्वे कॉलनीतल्या बाया दारात आल्या. बत्तीसला पुनाचं तोंड तांबडं झालं. चाळीसला डोळे बाहेर आले. चाल थांबेचना, कुठं उसंतच नाही! पन्नासाव्या मात्रेला पुना मटकन रस्त्यात बसला. मागच्या पोंगेवाल्यांनी थोडं रेटलं, तेही खोकत खोकत थांबले. शेवटी नुसता ढोल उरला आणि मग लाजून तोही गप्प झाला.

भर चौकात वरात मुकी. अभिमनभाऊ घड्याळ बघायला लागले, गार्डच ते. नवरीकडच्या बाया पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसत होत्या. लीलाधरला घोड्यावरून उतरता येईना आणि वर तोंड काढता येईना. तो वाकून रडकुंडीला येऊन म्हणाला, "आबा, तुमच्या मनानं वाजवा. माझी चाल राहू द्या."

आबांनी पुनाच्या हातातलं क्लॅरिनेट काढून घोड्यावर दिलं. "फुक."

"मला येत नाही आबा!"

"बोटे लावू नको. नुसता फुक. तुना दम जठे सरी, तठे चाल तोडसूत."

फुंकलं बिचाऱ्यानं. असा काही चीत्कार निघाला की घोडा दोन पावलं मागं सरला आणि अख्खी कॉलनी खो खो हसली. आबा मात्र गंभीरपणे बोटांवर मात्रा मोजत होते. अकरा भरल्या. अकरा अकरा मात्रांचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यामागं दम घेत आबांनी स्वतः चाल वाजवली. आणि काय सांगू, वऱ्हाडी नाचनाचून घामाघूम झाले. अभिमनभाऊंनी विचारलं, "व्याही, चाल कुणाची?"

"मना पोऱ्यानी," आबा म्हणाले.

घोड्यावर लीलाधरच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंडावळ्या होत्या म्हणून निभावलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या सीझनला आबांच्या बँडकडं माणसं यायला लागली, थेट चोपड्यापासून. सगळ्यांना एकच हवं होतं, नवरदेव घोड्यावरून फुंकतो तो आयटम. आबा सुपारी घेत सुटले. लीलाधरच्या कानावर गेलं तसा तो तडक शिरपूरला आला. बघतो तर त्याच्या चालीचा पत्ताच नाही. नवरदेव चीत्कार काढायचा आणि मागून बँड सिनेमाचं गाणं लावायचा.

"पुना, माझी चाल कुठंय?"

"चाल कोन इचारस रे भाऊ," पुना म्हणाला, "लोकेसले फुकनं पाहिजे."

तेवढ्यात शिंदखेड्याकडचं गिऱ्हाईक आलं. आबांनी लीलाधरला दंडाला धरून पुढं केलं. छाती फुगवून सांगितलं, "हाऊ मना पोऱ्या. म्युझिक डायरेक्टर शे. बठ्ठं त्यानंच रचेल शे."

पाहुण्यानं वाकून नमस्कार केला आणि फार आदरानं विचारलं, "साहेब, एकदा फुंकून दाखवता का?"