बाईचा केक

अमरावतीत माझ्या भावाच्या बेकरीत एक केक माझ्या नावानं विकला जातो. म्हणजे जात होता. गिऱ्हाईकानं 'बाईचा केक द्या' म्हटलं, की काउंटरवरचा माणूस काही न विचारता डावीकडच्या ट्रेमधले पिवळे तुकडे पुडीत बांधून द्यायचा. यातली बाई म्हणजे मी, सत्यभामा. खुशाल माझा धाकटा भाऊ, तो मला बाई म्हणतो. आणि बाईचा केक म्हणजे बिनअंड्याचा केक.

माझे यजमान गेले त्या वर्षी मी रिद्धपूरला जाऊन महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. उपदेश घेतला की मांस, मासा, अंडं, दारू सगळं सुटतं. मला यातलं काही जड गेलं नाही. जड गेला तो केक. दुपारच्या चहासोबत भावाच्या बेकरीतला एक तुकडा, एवढीच माझी आयुष्यातली चैन. खुशालला हे कळलं तसा त्याचा अकोल्याला माझ्या घरी फोन आला, बाई, तू काळजी करू नको, तुझा केक मी वेगळा करतो. मी फोनवरच रडले. मला रडू लवकर येत नाही, यजमान गेले तेव्हाही लोकांसमोर आलं नव्हतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

तेव्हापासून अमरावतीहून येणाऱ्या बसमध्ये कुणाच्या ना कुणाच्या हाती माझा डबा यायचा. पुढे आमच्या पंथातल्या इतर बायका मागायला लागल्या, मग मारवाड्यांची घरं लागली, आणि खुशालनं दुकानात वेगळा ट्रेच ठेवला. मी तर गावभर डांगोरा पिटला. रिद्धपूरला आमच्या तपस्विनी बाईंच्या दर्शनाला जाताना डबा घेऊन जायचे. त्या विचारायच्या, यात काही नाही ना गं? मी छातीठोकपणे सांगायचे, माझ्या भावाच्या हातचा आहे, डोळे मिटून खा.

तर मागच्या महिन्यात खुशालचा फोन आला. त्याची मुलगी वर्षाली पुण्याहून बेकरीचं शिक्षण घेऊन आली होती आणि तिला दुकानात व्हेगन माल सुरू करायचा होता. व्हेगन म्हणजे काय, मी विचारलं. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. मी म्हटलं, आमचा देव लोणी चोरून खाणारा, त्यानं जावं कुठं? खुशाल हसला, पण मग गंभीर होऊन म्हणाला की बाई, तू येऊन एकदा चाखून पाहा, तू हो म्हटलं की लोकं घेतील, तुझ्या शब्दाला वजन आहे. हे ऐकून मी फुगले. फुगणारच. दुसऱ्याच दिवशी गाडी पकडली.

दुकानाच्या मागच्या खोलीत वर्षालीनं टेबलावर पांढरं कापड अंथरून सगळं मांडलं होतं. मला खुर्ची, पाण्याचा ग्लास, शेजारी कागदी रुमाल, जशी काही मी मुलगी पाहायला आले होते. खुशाल दाराशी उभा होता, एक कान काउंटरकडे ठेवून.

आधी तिनं बटाट्याचं पॅटीस दिलं. बरं होतं, मसाला थोडा पुणेरी, म्हणजे मिळमिळीत. ते मी तिला सांगितलं आणि तिनं मान्य केलं. मग क्रीम रोल आला, त्यातलं क्रीम सोयाबीनच्या दुधाचं होतं. आमच्याकडे घराघरांत सोयाबीनची पोती पडलेली असतात, पण त्याचं दूध काढून त्याला फेस आणावा, असं कुणाच्या सात पिढ्यांच्या मनात आलं नसेल. एक घास घेतला आणि बाकीचा रोल रुमालाखाली सरकवला. पोरीनं पाहिलं, पण न पाहिल्यासारखं करून पुढची बशी सरकवली. लेकरू गुणी आहे.

मग खारी. खारी मला अगदी आपली नेहमीची वाटली, तीच खुसखुशीत, तोच वास. मी वर्षालीला शाबासकी दिली, की लोण्याशिवाय अशी खारी करणं म्हणजे कमाल आहे. तशी ती हसत सुटली. म्हणाली, आत्या, यात मी काहीच बदललं नाही, आपली खारी आधीपासून डालड्याचीच आहे. बाहेर पाटीवर 'लोण्याची खारी' लिहिलेलं मी इतकी वर्षं वाचत आले होते. मी खुशालकडे पाहिलं. तो म्हणाला की सगळ्याच बेकऱ्यांत असंच असतं, बाई. मीही हसले. धंदा आहे, चालायचंच, असं तेव्हा वाटलं.

शेवटी केक आला. वर्षालीचा केक दिसायला सुरेख होता. तोंडात घातला तर जड, दाताला किंचित चिकटणारा, आणि केळ्याचा वास. पण ती चव मला ओळखीची होती. जरा वेळानं आठवलं. उपदेश घेतल्यावर पहिल्या वर्षी खुशालचे जे डबे यायचे, ते असेच असायचे. केक चहात बुडवल्याशिवाय घशाखाली उतरत नसे. मी मोठ्यानं म्हटलं, की बघ खुशाल, तू सुरुवातीला अगदी असाच करायचास, मग तुझा हात बसला. पोरीलाही शिकव तुझी ती युक्ती.

खुशाल काउंटरकडे पाहू लागला. वर्षालीचे मात्र डोळे चमकले. तिला बापाकडून हेच तर हवं होतं. ती उठली, दुकानातून बाईच्या केकचा एक तुकडा आणला आणि ताडून पाहायला अंड्याच्या साध्या केकचाही एक आणला. साधा केक अर्थातच मी शिवणार नव्हते. ती मात्र एक घास इकडचा, एक घास तिकडचा खात बसली. मग पाणी प्यायली आणि पुन्हा दोन्हींचा घास घेतला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"पप्पा," ती म्हणाली, "हे दोन्ही एकच आहेत."

खुशालनं म्हटलं, की तुला सर्दी झाली असेल. तिला सर्दी नव्हती. तिनं तुकडा मोडून जाळी पाहिली, वास घेतला आणि पुन्हा तेच सांगितलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. माझ्याही लक्षात आलं, तरी मी खुशालला सरळ विचारलं.

"खुशाल, काय होय हे?"

तो खाली बसला. "बाई, पहिल्या वर्षी मी वेगळाच करत होतो तुया. शप्पथ. दगड व्हायचा त्याचा. तू चहात बुडवू बुडवू खायची, मले ठाऊक होतं. एक डाव कारागिरानं चुकून साधा भरून देल्ला डब्यात. मी घाबरलो. अन् संध्याकाळी तुया फोन आला, खुशाल, आता जमला म्हणून. लय खुश होती तू."

"मंग?"

"मंग काय. जमलाच होता तो."

हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. त्याला अजूनही वाटत होतं की त्यानं माझे लाडच केले. केसानं गळा कापणं ऐकून होते, पण लाडानं कापणं मी त्या दिवशी पाहिलं. मी मोरीवर जाऊन चूळ भरली. इतक्या वर्षांचं एका चुळीत काय निघणार? तरी भरत राहिले. वर्षाली मागे उभी राहून रडत होती, आणि मला तिची दया यायला हवी होती, पण आली नाही. मला तपस्विनी बाईंचा हात दिसत होता. माझ्या डब्यातून तुकडा उचलताना त्या आधी मला विचारायच्या. दरवेळी विचारायच्या, आणि मी दरवेळी सांगायचे.

मी परत आले आणि खुशालला म्हटलं, की माझा डबा एक वेळ सोड, लोकांना माझं नाव सांगून काहून विकलास? तर म्हणतो, नाव लोकांनीच पाडलं, मी थोडीच पाडलं. लोक येऊन मागत होते, त्यांना नाही कसं म्हणू? मग आवाज खाली करून त्यानं असं काही म्हटलं, की मला त्याचा फोन का आला होता ते तेव्हा समजलं.

"म्हणूनच तर पोट्टीले म्हटलं, कर तुया व्हेगन. उद्यापासून त्या ट्रेत तिचाच ठेवतो. झालं ते झालं, बाई. आता तर खरंच अंडं नाही. आता तं सांगता येते ना तुले?"

म्हणजे मला चाखायला बोलावलंच नव्हतं. जुनं खोटं नव्या केकखाली झाकायला बोलावलं होतं, तेही माझ्याच तोंडानं. मी उठले आणि पिशवी उचलली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुठं मारणार? गुपचूप अकोल्याला जायचं आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही, एवढंच मनात होतं.

काउंटरवर पार्बताबाई उभ्या होत्या. पार्बताबाई माझ्या गुरुबहीण, एकाच दिवशी आम्ही दोघींनी उपदेश घेतला. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "दंडवत, सत्यभामाबाई," आमच्या पंथात भेटताना-निघताना म्हणतात तसं म्हणाल्या, आणि सांगू लागल्या की उद्या त्या रिद्धपूरला निघाल्या आहेत, तपस्विनी बाईंसाठी आपला केक न्यायचाय. काउंटरवरच्या माणसानं डावीकडच्या ट्रेमधून डबा भरून त्यांच्या हाती दिलासुद्धा होता.

खुशाल माझ्या मागे आला होता. तो घाईनं म्हणाला, की तो राहू द्या पार्बताबाई, आतून ताजा देतो, आज नवा केला आहे. त्यांनी डबा मागे दिला असता, नवा नेला असता, आणि कुणाला काहीच कळलं नसतं. लहानपणी मार चुकवायला माझ्यामागे लपताना पाहायचा, तसं खुशालनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "पार्बताबाई, त्या डब्यात अंडं आहे. आजच नाही, इतकी वर्षं होतं. मले आत्ता समजलं."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही वळली. पार्बताबाईंना आधी ते कळलंच नाही. मग कळलं. आता त्या खुशालला धारेवर धरतील, म्हणून मी बाजूला सरकले, त्यांना तो नीट दिसावा म्हणून. खरं सांगते, मी त्याची वाटच पाहत होते. माझ्या वाटचंही त्यांनीच बोलावं असं मला वाटत होतं.

त्यांनी खुशालकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी काही तुमच्या भावाच्या भरोशावर नव्हती खात, सत्यभामाबाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या भरोशावर खात होती."

त्यांनी डबा काउंटरवर ठेवला, पदरानं हात पुसले आणि मला दंडवत न करता पायऱ्या उतरून गेल्या.