तारेनं बांधलेली पिशवी

चौघांच्या सायकलफेरीला नियम एकच होता, आणि एकतीस वर्षांत तो कुणी मोडला नव्हता. दिवसभर रमतगमत जायचं, गप्पा हाणायच्या, आवडेल त्या झाडाखाली आडवं व्हायचं. पण पुढच्या गावाची पाटी दिसली रे दिसली की जीव खाऊन पायडल मारायचं. पाटीशी जो शेवटी पोचेल, त्याच्या सायकलीवर खाण्याची पिशवी चढायची, ती थेट पुढच्या गावाच्या पाटीपर्यंत. पिशवीही साधीसुधी नव्हे. चौघांतला आर्मां हाडाचा खाटीक. दुकान विकून सहा वर्षं झाली, तरी फेरीसाठी बदकाच्या मांसाच्या बरण्या तो स्वतःच भरायचा. त्यात लाल वाइनच्या दोन बाटल्या, सुकवलेली सॉसेजं, मेंढीच्या चीजची अख्खी चकती. आठ किलोंच्या खाली वजन जायचं नाही, आणि फ्रान्सच्या गास्कोनीतले रस्ते एक टेकडी उतरले की दम न घेता दुसरी चढतात.

युगेत बहात्तर वर्षांची. गेल्या नोव्हेंबरात तिचा उजवा खुबा बदलला. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं, सायकल चालवा म्हणून. पण लोकांना कोण सांगणार? बेकरीवाली गल्ला सोडून बाहेर यायची आणि पाव हातात ठेवायची. मुलगी फोनवर सावकाश, मोठ्यानं बोलायची, जणू आईचा खुबा नव्हे, कान बदललाय. युगेतनं सगळं मुकाट्यानं सोसलं, कारण जूनमधली फेरी यायची होती. फेरीतल्या बाकी तिघांनी तिला जन्मात कधी सूट दिली नव्हती. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा आर्मांनं तिला पाटीपाशी मागं टाकलं होतं आणि पिशवी गळ्यात मारली होती. त्या दिवशी त्या ओझ्यानं तिला जेवढा धीर दिला, तेवढा शोकपत्रांनी दिला नव्हता.

यंदा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तीन गावं झाली, आणि तिन्ही पाट्यांशी युगेत तिसरी आली. शेवटचा आला रेजिस; निघतानाची पिशवीही त्यानंच आपणहून घेतली होती. रेजिसनं चाळीस वर्षं याच रस्त्यांवर सायकलवरून टपाल वाटलं होतं, मांड्या अजून ओकच्या ओंडक्यासारख्या. पहिल्यांदा त्याची साखळी सरकली. दुसऱ्यांदा डोळ्यात चिलट गेलं. तिसऱ्यांदा म्हणे शिंक आली. युगेतला हे सगळं खरं वाटलं, कारण आनंदात माणसाची अक्कल गहाण पडते. खुबा धातूचा बसवल्यापासून पायात इंजिनच आलंय, अशी फुशारकी तिनं मारली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मोंकासाँ या चौथ्या गावाच्या अलीकडे, ओढ्याकाठच्या जुन्या धोबीघाटाच्या छपराच्या सावलीत ते जेवायला थांबले. ब्लांदीन, गावच्या शाळेची निवृत्त बाई, टोमॅटो धुवायला बसली. युगेत पिशवी सोडायला रेजिसच्या सायकलीकडे गेली. रबरी पट्ट्याचा आकडा ओढायचा की पिशवी सुटते, हे तिच्या हातांना पाठ होतं. हात आकडा शोधत राहिले. पट्टा नव्हताच. पिशवी कॅरिअरला तारेनं बांधली होती, जाड, कुंपणाच्या तारेनं. पकडीनं चार पीळ दिलेले आणि टोचू नयेत म्हणून टोकं आत वळवलेली.

ती तशीच उभी राहिली. तासाभरात दुसऱ्याकडे जायची पिशवी कोण तारेनं बांधतं? आणि पक्कड होती आर्मांच्या अंगणात, जिथून ते सकाळी निघाले होते. म्हणजे पहिली पाटी दिसायच्या आधीच सगळं ठरलं होतं.

"रेजिस, ही तार कधी बांधलीस?"

रेजिस आपल्या बुटांकडे बघत राहिला. ब्लांदीनचे कान लाल झाले. शेवटी आर्मांनं तोंड उघडलं. "सकाळी. अगं, पट्टा सैल झाला होता."

"मग माझा मागायचा होतास. माझ्या कॅरिअरला आहे. नवा कोरा आहे."

मग ब्लांदीन हळूच म्हणाली, "युगेत, अगं, मार्चमध्ये तू काठी टेकत चालत होतीस. आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं? म्हातारी खूश होईल? झाली की! सकाळपासून मी बढाया मारतेय आणि तुम्ही नंदीबैलासारख्या माना हलवताय. घरी सगळे मला काचेच्या बरणीसारखं धरतात. तिथून सुटून मी तुमच्याकडे आले होते. आता तुम्हीपण मला फडताळात ठेवून दिलंत. मग मी जायचं कुठं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं, आणि तिनं ते पुसलं नाही. जेवण पिशवीतच राहिलं.

"सोड ती तार," ती म्हणाली.

रेजिसनं तार हातानंच उलगडली, बोट कापून घेतलं. युगेतनं आपला पट्टा काढून त्याच्यापुढे धरला. पुढच्या पाटीपर्यंत पिशवी त्याचीच होती, नियमानं.

"तू हरशील," तो पुटपुटला. "आणि मोंकासाँचा चढ आठ किलो घेऊन..."

"हरेन. तुझ्या बापाचं काय जातं? पण रेजिस, एकदा जरी ब्रेकला हात लावलास, तर मी इथूनच घरी जाईन. पुन्हा मला बोलवायचं नाही."

मोंकासाँची पाटी वळणानंतर लगेच लागते. शेतकऱ्यांनी गेल्या हिवाळ्यात सरकारवरच्या रागानं गावोगावच्या पाट्या उलट्या टांगल्या होत्या; ही अजून कुणी सरळ केली नव्हती. युगेत वळणाच्या आधीच सुटली, लबाडीनं, कुणाचं लक्ष नसताना. क्षणभर ती चक्क सगळ्यांच्या पुढे होती. मग आर्मां गेला, ब्लांदीन गेली, आणि आठ किलोंसकट रेजिस तिला घासून गेला. त्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. युगेत पाटीशी पोचली तेव्हा तिघं केव्हाचे पाय टेकून उभे होते. तिचा खुबा ठणकत होता. आणि तिला हसू आवरत नव्हतं.

रेजिसनं आकडा ओढून पिशवी सोडली आणि तिच्या कॅरिअरकडे वळला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "आणि वाटेत माझ्यासाठी थांबलात तर याद राखा."

ते निघून गेले. रेजिसनं मात्र पहिल्या वळणावर एकदा मागं पाहिलंच. तिनं मूठ दाखवली तेव्हा कुठं हलला. अर्धा चढ तिनं सायकलवर काढला, उरलेला उतरून, हँडल धरून ढकलत. बरण्या एकमेकींवर आपटत होत्या. एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, मावशी, सामान वर टाकू का? तिनं त्याला एवढं फटकारलं की तो बिचारा गिअर न बदलताच निघाला.

चर्चसमोरच्या चौकातल्या कॅफेपाशी ती पोचली तेव्हा तिघांचे पेले अर्धे झाले होते. ब्लांदीन पटकन उठू लागली. आर्मांनं तिची बाही धरून खाली बसवलं. रेजिस कापलेलं बोट चोखत होता. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या खडूसपणानं म्हणाला,

"कुठं उलथली होतीस गं? चीजची लापशी झाली असेल आत."

युगेतला इतकं बरं कुणाच्या बोलण्यानं सात महिन्यांत वाटलं नव्हतं. तिनं सायकल भिंतीला टेकवली, जेवणाचं काढून घेतलं आणि पिशवी पुन्हा कॅरिअरवर चढवली. आर्मां म्हणाला, आज मुक्काम इथंच, पण पट्टा आताच दोनदा गुंडाळ, उद्या सकाळी उताराला पिशवी हलेल.

"कशाला?" युगेत म्हणाली. "पहिल्या पाटीला ती रेजिसकडे जायचीय."

तिनं पट्ट्याला एकच वेढा दिला, चटकन सुटेल असा, आणि खुर्ची ओढून बसली.