पहिल्या पेशंटचा मान

खोरेवाडीच्या माणसानं आता साध्या तापासाठी काष्टीची वाट धरायला नको, असं सरकारनं ठरवलं. उपकेंद्र बांधून झालं, भिंतींना गुलाबी रंग लागला, डॉक्टर मॅडम हजर झाल्या. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, रक्त-लघवीसुद्धा फुकट. सगळं ठरलं. राहिलं एवढंच, की पहिला पेशंट कोण?

बाहेरच्या माणसाला यात काही अडचण दिसायची नाही. पण खोरेवाडीत मानाशिवाय पान हलत नाही. पोळ्याला वेशीतून पहिली बैलजोडी कुणाची, जत्रेत पहिला नारळ कुणाचा, यावरून इथं ठरलेल्या सोयरिकी मोडल्यात. मग आजाराचा पहिला मान असाच कुणाला कसा द्यायचा? सरपंच गहिनीनाथनं आपल्या चुलत्याचं, अजिनाथ तात्यांचं नाव पुढं केलं. विरोधी पार्टीच्या कल्याणनं आपल्या आत्याला उभं केलं, रतनबाईला. दोघंही खणखणीत. तात्या अजून दोन भाकरी मोडून वर भात मागायचे, आणि कांदा खुरपताना आत्याच्या पुढं कुणी गेलेलं गावानं पाहिलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी दोघं मांडवात समोरासमोर खुर्च्यांवर बसले. तात्यांचं धोतर कडक इस्त्रीचं, आत्याच्या नाकात नथ.

"आत्या, पर तुमाला दुखतंय काय?" शेजारच्या रेश्मानं विचारलं.

"ते अजून ठरलं न्हाई बाई. कल्याण म्हनला, आदी तात्याचं कळू दे."

"तात्याला शुगर हाय म्हनं."

"व्हय? मग आपल्याला त्याच्या वरचं काय तरी लागंल."

नेमकी याच वेळी निकिता मांडवात शिरली. कडेवर दहा महिन्यांची सृष्टी. पोरीला पहाटेपासून जुलाब लागले होते, अंग तापलं होतं. नवरा करण कांद्याचा टेम्पो घेऊन पुण्याला गेलेला, त्याचा मोबाईल लागत नव्हता. निकितानं मनाशी म्हटलं होतं, बरं झालं, दवाखाना दारात आलाय. एरवी आईच्या कानातलं ओढून ओढून हैराण करणारी सृष्टी आज तिच्या खांद्यावर नुसती टेकून होती. रडायला तोंड उघडायची, पण डोळ्यांत पाणीच येत नव्हतं. दर दहा पावलांनी निकिता तिच्या कपाळाला गाल लावून बघत होती.

दवाखान्याच्या दाराला लाल फीत बांधलेली. फितीपलीकडं डॉक्टर मॅडम, निवेदिता, टेबलाशी बसलेल्या; नोकरी नवी, चेहराही नवा. फितीअलीकडं गहिनीनाथ.

"जरा दम धर निकिता. फीत कापायला सायेब निघालेत श्रीगोंद्याहून."

"भावजी, पोरीला लई जुलाब होत्यात. मान टाकायला लागली ती."

"अगं, पायाचा दगड बसल्यापास्नं तात्या थांबलेत! त्यांनी कदी कुरकुर केली का?"

"तात्या काय म्हून थांबतील?" कल्याण मागून गरजला. "पहिला पेशंट आमची आत्या! तिला सकाळपास्नं चक्कर येतीया."

आत्यानं घाईघाईनं डोळे मिटले.

"चक्कर? मगाशी ढोकळ्याच्या दोन प्लेटा चापल्या तिनं!"

"चकरंतच खाल्ल्या!"

निकितानं फितीवरून हाक मारली, "मॅडम, तुमी तरी बघा हो."

निवेदिता उठली. दोन पावलं पुढं आली नि थांबली. साहेब यायच्या आधी फीत ओलांडू देऊ नका, असा वरून निरोप होता. तिनं सरपंचाकडं बघितलं, मग पोरीकडं. पोरीची टाळू तिथूनही खोल गेलेली दिसत होती.

"मला... आत घेता येत नाहीये हो ताई."

"कापू नका तुमची फीत," निकिता म्हणाली. ती खाली वाकली आणि कडेवरचं लेकरू दोन्ही हातांनी फितीखालून आत सरकवलं. "तेवढी ही धरा."

कुणी लेकरू पुढं केल्यावर हात आपोआप पसरतात; निवेदिताचेही पसरले. एकदा पोर हातात आल्यावर मात्र तिला वरचा निरोप आठवला नाही. तिनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली आणि म्हणाली, "अंगातलं पाणी कमी झालंय हिच्या. तुम्ही आत या बघू आधी."

निकिता फितीखालून वाकून आत गेली.

फीत जशीच्या तशी, पण मान गेला! गहिनीनाथ कल्याणकडं बघायला लागला, कल्याण गहिनीनाथकडं. ग्रामपंचायतीच्या तीन निवडणुकांत जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. दोघांचं एकमत झालं.

"फीत कापली न्हाई, म्हंजी उद्घाटन झालं न्हाई," कल्याण म्हणाला.

"म्हंजी पोरगी धरायची न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

"नका धरू," निकिता आतून ओरडली. "मी धरलीया."

जलसंजीवनीची पाकिटं कुठं गेली, तर पोरांनी त्यांचं तोरण करून दारावर बांधलेलं. निवेदितानं खुर्चीवर चढून एक पाकीट ओढलं.

"मॅडम, तोरण तुटतंय!"

"तुटू दे."

नळाला अजून पाणी आलं नव्हतं. प्यायचं पाणी होतं ते साहेबांच्या टेबलावर, सीलबंद बाटल्यांत. निकिता परत फितीखालून बाहेर आली, तरातरा मंचावर चढली आणि भर मांडवात एक बाटली उचलून घेऊन गेली. तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही.

चमचा चमचा पाणी सुरू झालं. पहिला चमचा सृष्टीनं ओठातून बाहेर सोडला. दुसरा निम्मा गेला. निकिता मांडी घालून बसली आणि दर चमच्याला "माझी बाय ती, माझी साय ती" असं पुटपुटत राहिली.

"तासादीडतासात शू व्हायला पाहिजे," निवेदिता हळूच म्हणाली. "झाली की मला लगेच सांगा. नाही झाली तर थेट श्रीगोंद्याला हलवायचं, सलाईन लावावं लागेल."

तेवढ्यात साहेब आले. फटाके, फेटे, फीत, सगळं यथासांग झालं. भाषणाला उभं राहायच्या आधी साहेबांची नजर आत गेली. तरुण आई, मांडीवर लेकरू, हातात चमचा. फोटोग्राफरलाही तेच दिसलं.

"ही पहिली लाभार्थी का?" साहेबांनी विचारलं.

"व्हय सायेब, आमच्याच वार्डातली!" गहिनीनाथ म्हणाला.

"हिचं माहेर आमच्या भावकीत हाय सायेब!" कल्याणनं रेटलं.

तात्या नि आत्या जागच्या जागी बरे झाले.

साहेबांनी लेकराला मंचावर आणवलं नि मांडीवर घेतलं. पांढराशुभ्र लिननचा झब्बा, वर नुकतीच पांघरलेली शाल. निकिता चमचा घेऊन शेजारी उभी. पाणी पाजायचं ती काही थांबवणार नव्हती. लंगोट सकाळीच संपले होते, सृष्टी नुसत्या झबल्यावर होती. साहेबांनी माईक तोंडाशी धरला. "गोरगरिबाच्या दारापर्यंत आरोग्य पोचवायचं, हे आमच्या सरकारचं..."

आणि थांबले.

शालीवरून झब्ब्यावर, झब्ब्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून नव्या कोऱ्या गालिच्यावर. गहिनीनाथनं कपाळावर हात मारला, कल्याणनं तोंड फिरवलं.

निकितानं मात्र साहेबांच्या तोंडापुढून तसंच वाकून माईकमध्ये ओरडून सांगितलं, "मॅडम! झाली!"

चारी कर्ण्यांतून ते गावभर गेलं.

"किती?" निवेदितानं दारातून विचारलं.

निकितानं एकवार साहेबांकडं वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"भरपूर," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.