कृपया भांडं ठेवा

फुंग वस्तादांनी शिव्या देणं बंद केलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमच्या फोशान शहरातले निम्मे आचारी त्यांनी शिव्या घालून घडवलेत. मी मालकीण, पण मलासुद्धा कधी सोडलं नाही. माझा नवरा होता तेव्हापासून ते आमच्या खाणावळीत. नवरा गेला, वस्ताद राहिले. जुन्या दुकानातल्या गॅसच्या भट्टीला तर रोज सकाळी ‘पेट, मुडद्या!’ असाच हुकूम सुटायचा, आणि मुडदा भपकन पेटायचा.

मग आमची गल्ली पाडली आणि दुकान मॉलच्या तळघरात आलं. तळघरात जाळ चालत नाही, म्हणून इंडक्शनची शेगडी. खोलगट काच, तिच्यात कढई बसवायची, खाली तांबडे दिवे लागतात. जाळाचं नुसतं सोंग! आणि कढई उचलली रे उचलली की आतून एक गोड बाई बोलते, “कृपया भांडं ठेवा.”

आता सांगा, आमच्याकडच्या आचाऱ्याची कढई कधी खाली असते का? शेवया हवेत उडाल्या पाहिजेत, नाहीतर लापशी खा की! पण त्या बाईचा आवाज आला की वस्ताद गुपचूप कढई खाली ठेवायचे. एक शिवी नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, ‘पूर्वीची चव नाही राहिली,’ आणि हे मान डोलवायचे. माझं काळीज तुटायचं.

वर्ष सरत आलं तसे एक दिवस म्हणाले, “मालकीणबाई, चोविशीला चूलदेव वर गेला की मीही गावी जातो.”

“सुट्टीवर?”

“कायमचा.”

चोविशी म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्याची चोविसावी तिथी. त्या दिवशी भिंतीवरचं चूलदेवाचं कागदी चित्र उतरवायचं, वर जाऊन त्यानं आमच्या कागाळ्या करू नयेत म्हणून त्याच्या ओठांना जवाचा चिकट पाक फासायचा, आणि चुलीतच जाळायचं. धुराबरोबर देव स्वर्गात. वस्तादांचं म्हणणं, देवाला त्याच्याच चुलीतून निरोप दिला की आपण मोकळे. म्हणजे देव गेला की माझा माणूस गेला. मी कुठल्या तोंडानं पाक कढवला, ते माझं मला ठाऊक.

चोविशीला दुपारची गर्दी ओसरली. वस्तादांची पिशवी दाराशी भरून तयार, सुरी आणि डाव फडक्यात गुंडाळून आत. त्यांनी देव उतरवला, पाक फासला, खिशातून लायटर काढला. तेवढ्यात तळघराचा रखवालदार लुक आग विझवायचं लाल नळकांडं उगारून हजर.

“काका, जाळ नाही!”

“अरे, देवाला पोचवतोय.”

“देव असो नाहीतर मॅनेजर, तळघरात जाळ नाही.”

“बाहेर नेऊन जाळा मग,” मी म्हणाले. मनात म्हटलं, नको, नको.

“चूल इथं आणि देव पार्किंगमधून जाणार? तो काय मोटार शोधायला निघालाय?” वस्तादांनी लायटर खिशात टाकला आणि देव सरळ शेगडीच्या काचेवर ठेवला. बटण दाबलं.

“कृपया भांडं ठेवा,” बाई म्हणाली.

“हिला देव दिसत नाही,” लुक म्हणाला.

मग देव कढईत. कढई तापली, देव कडेनं जरासा पिवळा पडला आणि शेगडी टुकटुक करून बंद. पुन्हा लावली, पुन्हा बंद. मी शेगडीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा इंजिनिअर मोठा सभ्य. “मॅडम, काय शिजवताय?”

“देव.”

तो तेवढ्याच सभ्यपणे म्हणाला, “रिकामी कढई फार तापली की मशीन आपोआप बंद पडतं. देवात थोडं पाणी घाला.”

“देवाचं सूप करू?” वस्ताद कळवळले, पण शिवी नाहीच. मला धडकी भरली.

लुक वर बघत होता. “काका, धूर झाला तरी उपयोग नाही. धूर ओढणाऱ्या वरच्या जाळीत सगळा अडकतो. दर महिन्याला ती जाळी आम्ही मोरीत धुतो.”

“म्हणजे देव स्वर्गात न जाता मोरीत?”

“या इमारतीत तरी तसंच.”

वस्ताद पेटले नाहीत, हट्टाला पेटले. बंद पडली की लाव, बंद पडली की लाव. पाक वितळला, उकळला, काळाभोर झाला. पण कागद काही पेटेना. शेवटी त्यांनी उलथनं खुपसलं. देव हलेना. कढईच्या बुडाशी पक्का चिकटलेला, मिशा शाबूत, डोळे उघडे. ज्या पाकानं तोंड चिकटवायचं, त्यानं अख्खा देवच चिकटवला!

“निघत नाही,” वस्ताद हळूच म्हणाले.

“घासणीनं घासू?” लुकनं विचारलं.

“देवाला घासणी?” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

आणि मग माझा बांध फुटला. “नाही निघत तो! त्याला कळतं, तुम्हाला कळत नाही! म्हणे देव गेला की जातो. गेलाय का? हा बघा, बसलाय! आणि तुम्ही कुठले वस्ताद हो? शेगडीतली बाई सांगते म्हणून भांडं खाली ठेवणारे! तुमच्यापेक्षा हा कागद बरा, बाईचं ऐकत नाही!” मला रडू आवरेना.

वस्तादांचे कान लाल झाले. देवाची कढई त्यांनी दोन्ही हातांनी उचलून भिंतीवर, चित्राच्या जागी टांगली.

लुक चुळबुळ करत होता. “काका, माझी ड्यूटी सोडून उभा आहे. निदान शेवया तरी परतून द्या.”

वस्ताद दाराशी गेले. मला वाटलं, झालं, चालले. पण वाकून त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि फडक्यातून डाव काढला. दुसरी कढई चढवली. तेल, लसूण, शेवया. मनगट फिरलं आणि शेवया थेट जाळीपर्यंत उडाल्या.

“कृपया भांडं ठेवा,” बाई म्हणाली.

कढई हवेतच होती.

“कृपया भांडं—”

“गप गं भवाने!” वस्ताद गरजले. “माझी कढई आहे, ठेवीन मला वाटेल तेव्हा! आणि मालकीणबाई, रडताय काय तिथं? ताटली आण, बये!”

मी ताटली आणायला धावले.