तीन मिळवा

"बाई, वाचत काय बसलात? नुसती सही हवीय," मुरलीधर पाटणकर म्हणाला आणि त्याने टोपण काढून आपलं पेन पुढे केलं.

इंदुमती सबनीसांनी ते घेतलं नाही. छापायला जाणाऱ्या पेपरवर चार नावं होती, त्यातलं तिसरं त्यांचं. कामात त्यांचा वाटा एवढाच, की मुरलीधरच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या कृतिकाला त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत एक टेबल दिलं होतं.

"मंगळवारी तुमचा इंटरव्ह्यू. प्रोफेसर व्हायला वीस पेपर लागतात, तुमचे एकोणीस. मी हेड असून एवढंही करू नये?"

मुरलीधर मनापासून बोलत होता, हेच वाईट होतं. तो त्यांचाच विद्यार्थी. सत्याण्णव साल होतं, गुडगावात औषधांच्या कंपन्या उगवत होत्या आणि त्यांच्या गाड्या केमिस्ट्री डिपार्टमेंटच्या दारात उभ्या राहू लागल्या होत्या. डिपार्टमेंटला मोजण्याचा रोग जडला होता. कॉरिडॉरमध्ये काचेची चौकट लागली, तीत दरवर्षी कुणाचे किती पेपर छापून आले ते लिहायचे. तीस वर्षं खडूची धूळ खाऊन ज्यांनी पोरं घडवली त्यांच्यासाठी चौकट नव्हती. ते मोजता येत नाही ना.

इंदुमतीबाई पानं उलटत राहिल्या आणि शेवटच्या तक्त्यापाशी थांबल्या. दहा नवे पदार्थ आणि प्रत्येकाचा मेल्टिंग पॉइंट. अकरावं जुनं, ओळखीचं बेन्झोइक ॲसिड, केवळ तपासणीसाठी. एकशे बावीस अंश.

"कृतिकाची वही बघते," त्या म्हणाल्या.

मुरलीधर हसला. "बघा. बी.एस्सी.ला मलाही तुम्ही याच थर्मामीटरवर नापास केलं होतंत."

खरं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर तीन अंश कमी दाखवायचा. नवा मागवा असं सगळे सांगायचे, बाई मागवत नव्हत्या. नियम असा, की थर्मामीटर दाखवेल तो आकडा निळ्या शाईने लिहायचा आणि मग लाल शाईने तीन मिळवायचे. निळ्या शाईतच पुस्तकातला आकडा आला की समजायचं, पोराने बर्नर पेटवलेलाच नाही. मुरलीधर तसाच सापडला होता.

कृतिका जिंतूरची. जवळच्या मुनिरका वस्तीत तिघींत एक खोली घेऊन राहायची. तिने वही पुढे केली. अकराव्या ओळीत निळ्या शाईने एकशे बावीस. लाल शाई नव्हतीच.

"हा केलास का गं?"

कृतिका खाली बघत राहिली. "सर म्हणाले, अकरावा कोण बघतो. बाकीचे मी केलेत, मॅडम. शपथ."

"सगळे?"

तिने सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "सातवा जमत नव्हता. दर वेळी वेगळाच आकडा यायचा. मार्चला फेलोशिप संपते. आई गावभर सांगून बसलीय, पोरगी डॉक्टर होणार म्हणून."

इंदुमतीबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. ओरडायचं कुणावर? पोरीला घाई कुणी शिकवली ते वर काचेत लावलेलं होतं.

फरीदाबादला घरी सुधाकररावांनी सगळं ऐकून घेतलं. बायकोला सकाळची शटल गाडी मिळावी म्हणून हा माणूस तीस वर्षं पाचला उठून डबा भरत आला होता, स्वतःची सरकारी नोकरी सांभाळून.

"सही करून टाक ना. सगळेच करतात," ते म्हणाले. "तीन वर्षांत रिटायर होशील. एकदा तरी लोकांना प्रोफेसर म्हणू दे."

"तुम्हाला हवंय?"

"हवंय. खोटं कशाला बोलू?"



सोमवारी बाईंनी लाल पेनाने पेपरवरचं आपलं नाव खोडलं आणि तक्त्यातला सातवा आणि अकरावा आकडा गोल करून कागद मुरलीधरच्या टेबलावर ठेवला.

"हे दोन पुन्हा करून घे. नाहीतर पाठवू नकोस."

"बाई, तुमच्या नावाशिवायही जाईल हा."

"जाईल. मला ठाऊक आहे."

"अच्छा. म्हणजे पुन्हा नापासच केलंत मला." तो हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही.

मंगळवारी समितीतल्या पाहुण्या तज्ज्ञाने फाइल चाळली. "मॅडम, उन्नीस ही हैं? लिस्ट में तो बीस था."

"उन्नीस ही हैं."

"और इन थर्टी इयर्स में?"

"पढ़ाया," बाई म्हणाल्या.

त्याने फाइल मिटली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

चारच्या सुमारास त्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा कृतिका एकटीच बर्नरपाशी होती. तापत्या तेलात थर्मामीटर, त्याला बांधलेली काचेची बारीक नळी, आणि नळीतल्या पांढऱ्या कणांवर तिचा डोळा. कण ओघळले तशी ती म्हणाली, "एकशे एकोणीस." तिने निळ्याने लिहिलं. "लाल पेन आहे का, मॅडम?"

बाईंनी पर्समधून काढून दिलं. "आणि सातवा?"

"नाही जमला. आज दोनदा केला."

"तसंच लिही."

"सर रागावतील."

"रागावतील," बाई म्हणाल्या.

कृतिका थोडा वेळ पेन बोटांत फिरवत बसली. मग तिने लिहिलं. पेन परत करायला ती उठली तर बाईंनी मानेनेच नको म्हटलं.

घरी सुधाकररावांनी दार उघडलं आणि बाईंच्या हातातला डबा घेतला. तो जड लागला. झाकण उघडून बघितलं, भाजीपोळी सकाळी भरली तशीच होती. भाजी गरम करून दोघांना वाढली, आणि झोपण्याआधी पाचचा गजर लावला.