वाजवून न घेतलेला रुपया

मित्रांनो, मी एक जुना राणीछाप रुपया आहे. निदान असं म्हणवून घेण्यासाठीच मला बनवलं. खरं सांगायचं तर मी जुनाही नाही आणि रुपयाही नाही. माझ्यावर १८६२ साल आहे, पण माझा जन्म पाचेक वर्षांपूर्वीचा.

एका लांबच्या देशात, पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्यासारखे दोनशे एका दिवसात ठोकले गेले. आत हलका धातू, वरून चांदीचं पातळ पाणी. मग आम्हाला चहाच्या काढ्यात बुडवून मातीत घोळवलं, म्हणजे अंगावर म्हातारपण दिसावं. तुमच्या आजीच्या हातावर सुरकुत्या यायला साठ-सत्तर वर्षं लागतात. माझ्या अंगावर त्या एका दुपारीत आल्या. कुणाच्या कनवटीची ऊब मला ठाऊक नाही. त्यामुळे माझी गोष्ट सांगतानाही मला दुसऱ्यांच्या आठवणी उसन्या घ्याव्या लागतात.

कर्जतच्या भिसेगावात मोतीबाई राहतात. त्यांच्या आईकडे दहा राणीछाप रुपये होते. जाताना तिने पाच मोतीबाईंना दिले आणि पाच थोरल्या गौराबाईंना, म्हणजे पळसदरीला दिलेल्या बहिणीला. वाटणी झाली तरी दिवाळीला गौराबाई आपले पाच रुपये रुमालात बांधून भिसेगावात यायच्या आणि दहाही रुपये एका ताम्हनात पूजेला बसायचे. पण ते नुसते ठेवायचे नाहीत. प्रत्येक रुपया वीतभर उंचीवरून सोडायचा आणि त्याचा आवाज विरेपर्यंत थांबायचं. आईचा नेमच होता, वाजवल्याशिवाय रुपया कनवटीला लावायचा नाही. मोतीबाई आजही माठ वाजवून घेतात, नारळ कानाशी हलवून घेतात. माझ्या बाबतीत मात्र त्या हे विसरल्या.

तीन वर्षांपूर्वी त्यांना नात झाली, रुचिता. आनंदाच्या भरात मोतीबाईंनी आपल्या पाचांतला एक रुपया सराफाकडे आटवला आणि बाळाचे वाळे केले. बहिणीला विचारायचं राहिलं. नंतर सांगायची लाज वाटू लागली. गौराबाईंची नजर अधू झालेली. मग दोन दिवाळ्या मोतीबाईंनी आपले चारच रुपये ताम्हनात सोडले आणि त्यातलाच एक हळूच उचलून पुन्हा सोडला.

गेल्या दसऱ्याला गौराबाईंचा फोन आला. "मोते, औंदा पूजा झाली की दहाच्या दहा माझ्या हातात दे गं. दोघींच्या नातींना वाटून टाकू. आपला काय भरवसा?"

मोतीबाईंना आता दहावा रुपया हवा होता. कर्जतच्या बाजारात सराफाकडे असा रुपया सहज मिळाला असता. पण गावात विचारलं की गाव उलट विचारणार, घरातल्याचं काय झालं? म्हणून त्या मोबाईलवर शोधू लागल्या, आणि खरेदीच्या एका साइटवर, परदेशातल्या विक्रेत्याच्या पानावर त्यांना हुबेहूब आईचा रुपया दिसला. मित्रांनो, तो फोटो एका खऱ्या रुपयाचा होता. माझा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता.

पैसे भरायला त्या झहीरच्या दुकानात गेल्या. तो लोकांची ऑनलाइन कामं करून देतो. त्याने विक्रेत्याचा निरोप वाचला आणि कपाळाला आठी घातली.

"मावशी, हा म्हणतोय साइटवरून भरू नका, परस्पर पाठवा, स्वस्तात देतो. असं नका करू. साइटवरून भरलं तर तक्रार तरी करता येते. परस्पर गेले ते गेले."

"अरं, साइटवाले मधे पैसे कापतात, असं त्यानं लिवलंय. आणि बघ की, किती गोडीनं 'प्रिय मैत्रीण' म्हणतोय. तुझ्या काकांनी चाळीस वर्सांत नाय म्हटलं."

"काकांनी तुम्हाला फसवलं पण नाही ना?"

मोतीबाई हसल्या. पण दिवाळी तोंडावर आली होती. भाजण्या विकून साठवलेले सहा हजार रुपये परस्पर गेले.

मी एका लिफाफ्यातून आलो. बाहेरच्या चिठ्ठीवर आत काय आहे ते लिहायचं असतं. तिथे लिहिलं होतं, 'धातूचं बटण'. माझ्याबद्दल कुणी लिहिलेलं तेवढंच काय ते खरं होतं.

मोतीबाईंनी मला तळहातावर घेतलं. मी हलका आहे हे त्यांच्या हाताला कळलं असावं, कारण त्यांनी मला दोनदा वरखाली करून पाहिलं. पण त्यांनी मला वाजवलं नाही. मला वाटतं, त्यांना आवाजाचीच भीती वाटली. त्यांनी मला पितळी डबीत ठेवलं. डबीतले चार खरे रुपये शांत होते. एकाला माळेत ओवण्यासाठी कडी जोडलेली होती, एकावर कुणाच्या तरी दाताची खूण होती. माझ्या अंगावरची प्रत्येक खूण मात्र खोटी. मी एका कडेला सरकून राहिलो.

लक्ष्मीपूजनाला गौराबाई आल्या. त्यांनी आपले पाच रुपये सोडले. मग मोतीबाईंनी आपले चार सोडले. प्रत्येकाचा नाद पाण्यावरच्या वलयासारखा पसरत गेला. शेवटी मला सोडलं. मी थप्पदिशी पडलो. नाद नाही, काही नाही.

गौराबाईंनी चाचपून मला उचललं. "मोते, ह्यो आईचा नाय."

मोतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"रडतेस कशाला? दोन दिवाळ्या झाल्या, नऊच वाजतात. कडीवाला दोनदा वाजतो. मला दिसत नाय, ऐकू येतं."

"मग बोलली का नाय गं बाय?"

"म्हटलं, सांगंल. धाकटी हाय, घाबरली असंल." मग मोतीबाईंनी वाळ्यांपासून त्या लांबच्या विक्रेत्यापर्यंत सगळं सांगितलं. गौराबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू परक्या मुलुखातल्या माणसाला इचारलंस, पण मला नाय सांगितलंस?"

सहा हजारांपेक्षा हे वाक्य मोतीबाईंना जास्त लागलं. मग गौराबाई म्हणाल्या, "आण ते वाळे. आता पोरीच्या पायात मावत नसतील."

ताम्हनात दहाव्याच्या जागी वाळे पडले. त्यातली आईची चांदी छान, लांब वाजली. दोघी आवाज विरेपर्यंत थांबल्या. मीही थांबलो, गौराबाईंच्या हातून सुटून पाटाखाली पडलेला. लाज काय असते, ते मला त्या दिवशी कळलं.

झहीरने पुढे खटपट केली. विक्रेत्याचं पान नाहीसं झालं होतं. साइटवाल्यांनी कळवलं, पैसे आमच्यामार्फत आलेच नाहीत, आम्ही काही करू शकत नाही. आता मी झहीरच्या दुकानात, संगणकाच्या शेजारी असतो. मोतीबाईंनीच मला तिथे दिलं. परदेशी पैसे पाठवायला कुणी आलं की झहीर मला काउंटरवर टाकतो. थप्प.

मित्रांनो, लांबच्या विक्रेत्याला पैसे देण्याआधी घरात एकदा विचारा. तो कितीही गोड बोलला तरी साइटच्या बाहेर पैसे पाठवू नका. फोटो वाजवून बघता येत नाही, हे विसरू नका. आणि घरातली एखादी जपलेली वस्तू तुमच्या हातून गेलीच, तर आधी आपल्या माणसाला सांगा. कदाचित त्याने ते केव्हाच ऐकलेलं असेल, आणि तो तुमच्या सांगण्याची वाट बघत असेल.